नकाशेवालीचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे तोफ म्हणायचे. अंगकाठी काडीसारखी, पण तिनं तोंड उघडलं की काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक आधी कानांवरचे हेडफोन सैल करायचा. दुकानांच्या जाहिराती, लिफ्टमध्ये मजले सांगणारी बाई, असं करत करत तिला एका व्हिडिओ गेमची नायिका मिळाली. पुरलेली शहरं शोधत हिंडणारी नकाशेवाली. त्या साहसमालिकेचे एकामागून एक भाग निघाले आणि तोफेनं गादी ठोकलेल्या भिंतींच्या त्या खोलीत उभं राहून डोंगर चढले, नद्या ओलांडल्या, राजेमहाराजांशी भांडणं केली. रस्त्यात तिला कुणी ओळखत नसे. रिक्षावाल्याला हाक मारली की मात्र शाळेतली पोरं माना वळवून बघत.

मग गळ्यात गाठ आली. गाठ साधी होती, काढलीही. डॉक्टरांनी मौन सांगितलं, ते तिनं व्रतासारखं पाळलं. पण मौन सुटलं तेव्हा जो आवाज बाहेर आला, तो पत्र्यावर फरशी ओढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, आता हाच. तिचा विश्वास बसेना. वाफ घेतली, गुळण्या केल्या, भरदुपारी कपाटातल्या गोधड्यांत तोंड खुपसून किंचाळून पाहिलं. नुसती हवा निघाली.

स्टुडिओत तिनं हे कुणाला कळू दिलं नाही. धाकटी बहीण तिच्याजवळच राहायची, चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दोघींचे आवाज एका साच्यातले. लहानपणी पलीकडच्या खोलीतून हाक आली तर कुठली लेक बोलावते आहे, हे आईलाही ओळखता येत नसे. त्यामुळे फोन आला की धाकटीच थोरली होऊन बोलायची. ध्वनिमुद्रकाचा फोनही तिनंच घेतला. मालिकेतून एक छोटा खेळ काढायचा होता, जुन्या काळी नाणं टाकून उभ्यानं खेळायचे तसला. काळा पडदा, भिंतींचा भूलभुलैया, दिवे गोळा करत पळणारी अंगठ्याएवढी नकाशेवाली आणि मागे लागलेले दगडी पहारेकरी. संवाद नाहीत. एक दचकणं, एक हसू, आणि पकडली गेली की एक किंकाळी. धाकटीनं फोनवर हात ठेवून बहिणीकडं पाहिलं. तोफ जोरजोरात मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण.

फोन ठेवल्यावर धाकटी म्हणाली, "अगं, मी चष्मे विकते. मला किंचाळायला कुठं येतंय?"

तोफेनं हात जोडले. थोरलीनं आपल्यापुढं हात जोडलेले धाकटीनं जन्मात पाहिले नव्हते. ती गुमान तयार झाली.

ठरल्या दिवशी दोघी गेल्या. हिला सर्दी आहे, घसा माईकपुरता राखलाय, मी बहीण, सोबतीला आलेय, असं धाकटीनंच आपला आवाज ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला रुमाल लावून पुटपुटून टाकलं. आज हिला लाज वाटते, काचेवरचा पडदा ओढा, असंही सांगितलं. इतक्या वर्षांनी लाज कसली, असं कुणीही विचारलं असतं. ध्वनिमुद्रकानं विचारलं नाही. पडदा ओढला.

दचकणं जमलं. हसूही कसंबसं निभावलं. किंकाळीशी मात्र गाडं अडलं. धाकटी घरात पाल दिसल्यासारखी ओरडत होती. पुन्हा, पुन्हा तेच. तोफेनं तिचे खांदे हलवले, हातवारे केले, चिमटासुद्धा काढला. शेवटी तिचा धीर सुटला. बहिणीला बाजूला लोटून तिनं छातीत भरेल तेवढी हवा भरली आणि स्वतःच ओरडली.

खोलीत तो खरखरता आवाज घुमला आणि थांबला. मग दार उघडून ध्वनिमुद्रक आत आला.

"मला फोनवरच कळलं होतं," तो म्हणाला. "तुझी बहीण 'श' पातळ म्हणते."

तोफ खाली बघत राहिली. तो बराच वेळ काहीबाही सांगत होता. गेम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना कुणाला बोलवायचंच नव्हतं, जुन्या ध्वनिफितींत हसू आणि किंकाळ्या ढिगानं पडल्या होत्या. यानंच भांडून तिला बोलावलं होतं, कारण बरेच दिवस ती स्टुडिओकडं फिरकली नव्हती. आल्यावर स्वतःहून सांगेल, असं त्याला वाटलं होतं.

"मग आता?" तिनं विचारलं.

"आता जुनंच कापून लावतील. नकाशेवाली तुझ्याच आवाजात ओरडेल."

म्हणजे तिच्याशिवाय तिचं सगळं चालणार होतं. तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले. मेल्यावर माणसाची सोय लावतात, तशी तिची जिवंतपणीच लागली होती.

ध्वनिमुद्रक चाचरत म्हणाला, "पहारेकऱ्यांना आवाज नाहीये अजून. आत्ता जो आला ना..."

"तिच्या दुखण्याचा बाजार मांडता का?" धाकटी एकदम भडकली. तिनं बहिणीचा दंड धरला, चल म्हणाली. तोफ हलली नाही. घरी जाऊन तरी करायचं काय, पुन्हा गोधड्यांत तोंड खुपसायचं? तिनं दंड सोडवून घेतला आणि माईकसमोर उभी राहिली. धाकटी दार आपटून बाहेर गेली.

तोफ ओरडली. घशात काहीतरी फाटल्यासारखं दुखलं. त्यानं ते लगेच जोडून ऐकवलं. पुढं तिचं जुनं हसू पळत होतं आणि मागून हा दगड घासत येत होता. "बंद कर," ती म्हणाली. त्यानं बंद केलं. मग तिनंच खुणेनं सांगितलं, अजून एकदा घे.

खेळ बाजारात आला. घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. पण एका संध्याकाळी धाकटी दुकानातून आल्या आल्या सांगू लागली. नंबर तपासायला आलेली एक मुलगी बाकावर बसून आईच्या फोनवर तो खेळत होती. पहारेकरी अगदी मागे लागले होते.

तोफ वाळलेले कपडे घडी करत होती. "पकडली?" तिनं विचारलं.

"कळलं नाही. आतून हाक आली, तिनं खेळ बंद केला."

"बरं झालं," तोफ म्हणाली, आणि पुढचा कपडा घेतला.