पातूरला थांबलेला ठिपका

मी अमरावतीत बसून ॲप लिहिते. बाबांची फुलं पातूरजवळच्या मळ्यातून रोज सकाळी अकोल्याच्या आमच्या दुकानात जातात. गाडी चालवणारे काका मी शाळेत होते तेव्हापासूनचे. गाडी कुठवर आली ते कळावं म्हणून त्यांच्या फोनमध्ये मी माझंच एक ॲप टाकून दिलं. फोन खिशात असला तरी ते गुपचूप लोकेशन पाठवत राहायचं आणि माझ्या नकाशावर ठिपका सरकायचा.

आठवडाभरात ठिपका पातूरच्या एका चहाटपरीवर अडकायला लागला. तासभर तिथंच, आणि शेजारी वेळ लिहिलेली: आत्ता. माझं डोकंच फिरलं. रस्त्यात फुलं विकतोय की काय हा माणूस? बरं, दुकानात विचारलं तर काका अकोल्याला पोचायचे अगदी वेळेवर. मग नंतर गाडी बेफाम हाणत असणार, असं मीच ठरवून टाकलं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मले नाई वाटत. पन तुले वाटते तं पुरावा दाखव, मी त्याले काढून टाकतो."

मी सुट्टी टाकली आणि तोंडाला स्कार्फ बांधून त्या टपरीच्या बाकावर जाऊन बसले. काका आले. उभ्याउभ्याच चहा घेतला, घरी फोन केला, मग अंगठ्याने पडद्यावरची एकूण एक ॲप वर ढकलून बंद केली, त्यात माझंही. पाच मिनिटांत गाडी निघून गेली. माझ्या हातातल्या फोनवरचा ठिपका मात्र टपरीवरच. आत्ता.

मग माझ्या लक्षात आलं. ॲप बंद पडलं की ते पुन्हा उघडेपर्यंत गाडीची खबर थांबत होती, आणि ती 'आत्ता' शेवटच्या खबरीची वेळ नव्हतीच. माझ्या फोनवर नकाशा ताजा झाल्याची वेळ मी तिथं लिहून ठेवली होती. एवढी साधी चूक, आणि तीही माझी. मला स्वतःची लाज वाटली.

तशीच बस धरून दुकानात गेले. काका बाबांसमोर उभे होते.

"लहानपनापासून पाहून राहिलो तुमाले ताई, स्कार्फानं काय होते?" ते म्हणाले. "फोन तापते म्हनून मी सारं बंद करतो. मले इचारलं काहून नाई?"

"काका, चूक ॲपची होती. माझी होती."

"ॲपचं नाई बोलून राहिलो मी."

त्यांनी गाडीची चावी गल्ल्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरले. बाबा ती चावी घेऊन त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले, आणि चावी घेऊनच परत आले.