टेलिफोनवरून सांगितलेली लेखमाला

न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात डेलिया हॅनरॅटी नऊ वर्षं पाय झिजवत होती. तिथली रीतच तशी. बातमीदारानं गल्लोगल्ली हिंडायचं, औषधाच्या दुकानातल्या टेलिफोनवरून मजकूर सांगायचा, आणि कचेरीत खुर्ची उबवणाऱ्यानं तो टाइप करायचा. डेलियाचा मजकूर वॉल्टर प्रेस्कॉट टाइप करी. ती सांगायची तेही वाक्यन् वाक्य, पूर्णविरामासकट!

नवव्या वर्षी ब्रुकलिनमध्ये भेसळीच्या दुधानं तान्ही पोरं दगावली. अकरा दिवस डेलिया त्या आयांचे जिने चढली. लेखमाला नावाशिवाय छापली गेली आणि शहरभर गाजली. मग विद्यापीठानं उत्तम बातमीदारीच्या वार्षिक पारितोषिकासाठी अर्ज मागवले.

संपादक म्हणाले, "अर्ज प्रेस्कॉटच्या नावानं जातोय. डेलिया, तुझा हात नीटनेटका. कात्रणं वहीत चिकटव आणि पाचच्या आत देऊन ये."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, त्यानं ब्रुकलिनचं एक दार तरी पाहिलंय का?"

"लिहिलं त्यानंच ना?"

"मेला नुसती बोटं बडवत होता!"

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस?" प्रेस्कॉट हसला. "बक्षीस मिळालं की तुला नवी टोपी घेतो. आणि हो, हे काम कसं केलं याचं एक पान जोडायचंय. ते वाटेवरून फोनवर सांग, टाइप करून मागोमाग पाठवतो. मला कुठं माहितीय?"

टोपी म्हणे! डेलियानं वही काखोटीला मारली आणि विद्यापीठासमोरच्या दुकानातून फोन लावला.

"घे. मी, वॉल्टर प्रेस्कॉट, त्या घरांत एकदाही गेलो नाही. पूर्णविराम. यातला शब्दन् शब्द डेलिया हॅनरॅटीचा आहे. पूर्णविराम."

सवयीनं टकटक चालू राहिली, मग एकदम थांबली.

"आता वाचून दाखव."

"वेड लागलंय का तुला?"

"नऊ वर्षं रोज वाचून दाखवतोस, आजच दातखीळ बसली?"

पलीकडे कागद टराटरा फाटला. "नोकरी गेली समज!"

"घाल ती चुलीत!"

फोन आपटून तिनं वहीला जोडलेल्या अर्जावरचं प्रेस्कॉटचं नाव खोडलं, वर आपलं लिहिलं, आणि विद्यापीठाच्या बाकावर बसून ते उरलेलं पानही लिहून काढलं.

अर्ज घेणाऱ्या कारकुनानं चष्मा वर केला. "इथं खाडाखोड आहे, बाई. लेखकाला स्वतः यावं लागेल."

"आलेय," डेलिया म्हणाली. "पोच द्या."