लाकडातली माया

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. उपस्थित : मी, माझा नवरा, सासूबाई, आणि ग्रोनिंगनच्या पुढे एका खेड्यात बंदुकीचे दस्ते घडवणारे एक कारागीर. कुलूपबंद पेटीत : माझी बारा बोअरची दुनळी बंदूक.

माझ्या वहीत नोंद अशी आहे. सासूबाईंचं नाव त्यात गाडीत बसल्यावर घातलं. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लायडनला आल्या होत्या आणि शनिवारी घरी एकट्या बसायची त्यांची तयारी नव्हती.

बंदुकीचं आधी सांगते. सहा वर्षांपूर्वी ऑफिसमधली एक मैत्रीण मला तिच्या क्लबात घेऊन गेली. यंत्रातून मातीची तबकडी हवेत सुटते आणि ती खाली यायच्या आत फोडायची, एवढाच खेळ. मी एका बायोटेक कंपनीत कागदपत्रं तपासायचं काम करते. दिवसभर इतरांच्या चुका शोधल्यावर, बरोबर की चूक हे एका सेकंदात कळणारी गोष्ट मला फार आवडली. रीतसर परवाना काढला, जुनी पण चांगली दुनळी घेतली. तिच्यात खोट एकच, दस्ता. तो कुणा सहा फुटी डच माणसासाठी केलेला. मी पाच फूट एक इंच. मान ताणून गाल टेकवायचा आणि प्रत्येक वेळी बार उडाला की गालफडावर धक्का खायचा.

सप्टेंबरात गाल निळा झाला. इथल्या आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे हाउसआर्ट्सनी, तो पाहिला, नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी बंदुकीचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला. शेवटी म्हणाले, "ती तुमच्या मापाची होईपर्यंत बंद."

बंद करणं परवडणारं नव्हतं. परवाना दर वर्षी नवा होतो आणि त्यासाठी वर्षभरात नेमबाजीच्या ठरलेल्या बैठका क्लबात कराव्याच लागतात. माझ्या सहा राहिल्या होत्या, मुदत जानेवारीअखेर. त्या चुकल्या तर परवाना जाणार आणि त्याच्यामागे बंदूकही.

नवऱ्याने त्याच रात्री ऑनलाइन एक दस्ता शोधला. काळा, दुमडणारा, हवा तसा आखूड करता येणारा.

"तीन दिवसांत घरी येईल," तो म्हणाला.

"आणि चौथ्या दिवशी पोलीस."

बंदूक लपवायला सोपी होईल असा कुठलाही बदल इथे चालत नाही. तरी माझ्या समजुतीवर न विसंबता मी पोलिसांच्या परवाना विभागाला चार प्रश्न लिहून पाठवले. नवव्या दिवशी चारही उत्तरं क्रमाने आली : दुमडणारा नको. साधा, पक्का लाकडी दस्ता चालेल. काम मान्यताप्राप्त कारागिराकडेच द्या. बंदूक त्याच्याकडे ठेवल्याची पावती, तिच्या क्रमांकासह, जवळ ठेवा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्या अनोळखी अधिकाऱ्याला मी मनातल्या मनात आमच्या कंपनीत नोकरी देऊन टाकली.

गाडीत सासूबाईंनी विचारलं, "दस्ता आणायला एवढ्या लांब? कोपऱ्यावरच्या दुकानात कागद मिळत नाहीत का?"

"कागदाचा नाही आई, बंदुकीचा. मागचा लाकडी भाग."

"बंदूक आहे घरात? मला कशी दिसली नाही?"

"तिजोरीत असते."

"किल्ली?"

"ती कुठे असते ते मी कुणालाच सांगू शकत नाही. ह्यालाही माहीत नाही. कायदाच आहे तसा."

 सासूबाई मुलाला म्हणाल्या, "बघ रे. सुनेने सासूपासून किल्ली लपवायची, असा सरकारी कायदा. आमच्या वेळी असता तर!"

वाटेत त्यांना चहा हवा होता. बंदूक गाडीत असताना मला तिला सोडून जाता येत नाही, म्हणून ते दोघं आत गेले आणि मी पेटीशेजारी बसून राहिले. सासूबाई माझा चहा गाडीत घेऊन आल्या, झाकणावर बिस्कीट ठेवून. "पहारेकऱ्याला," म्हणाल्या.

कारागीर सत्तरीचे असावेत. आधी पेटी नाही उघडली. माझा परवाना वाचला, बंदुकीचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, मग नोंदवहीत लिहिला. मला माणूस तिथेच आवडला. नंतर त्यांनी मापाची बंदूक काढली. ही उडत नाही. तिचा दस्ता स्क्रूंनी लांब-आखूड, वर-खाली होतो आणि गिऱ्हाइकाला बसला की ती मापं लाकडावर घ्यायची.

"म्हणजे शिंप्याचा पुतळा," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

सासूबाईंनी छत्तीस वर्षं ब्लाउज शिवले. त्या शिवणावर घर चाललं, मुलगा इंजिनियर झाला. मला हे माहीत होतं, पण त्यांना कुणाचं माप घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी बंदूक खांद्याला लावली. कारागिरांनी पाहिलं, स्क्रू फिरवला, पुन्हा पाहिलं. पुन्हा. तीनदा मापं घेतली, तिन्ही वेगळी आली. त्यांनी मला कॉफी दिली, हवापाण्याचं विचारलं. मी उत्तरं देत होते, पण डोळा वहीतल्या कामांच्या यादीवर होता.

"तू शहाण्यासारखी उभी आहेस," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, माप देताना बाई पोट आत ओढते, खांदे मागे घेते. तसं शिवलं की घरी जाऊन बटण लागत नाही. तू आत्ता परीक्षेला बसल्यासारखी उभी आहेस. त्यांना सांग, पेन्सिल हातात घेऊन तयार राहा."

मी डचमध्ये सांगितलं. कारागिरांनी भुवया उंचावल्या, पण पेन्सिल उचलली. मी बंदूक पुन्हा वर घेतली.  भिंतीवरच्या खुणेवर नेम धरला.  सासूबाई एकदम म्हणाल्या, "तिजोरीची किल्ली घराच्या दारालाच राहिली ना गं?"

माझे खांदे पडले, मान पुढे आली आणि गाल आपसूक लाकडावर टेकला. पेन्सिल करकरली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, सकाळपासून चारदा चाचपलीस. आता पर्स चाचपू नकोस, कायदा मोडेल."

नवऱ्याला हसू आवरेना, तो बाहेर गेला. कारागिरांना मी सगळं सांगितल्यावर ते सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले, "मी त्यासाठीच सगळ्यांना कॉफी देतो. तुमच्या सुनेवर ती चालली नाही." मग दोन पावलं मागे सरून त्यांनी आपलं स्टूल त्यांना बसायला दिलं, कामाच्या टेबलाशी.

पुढचा तासभर मी फक्त दुभाषी होते. लाकूड दोघांनी निवडलं. अक्रोडाचे पाच तुकडे होते. मला सगळ्यात नक्षीदार हवा होता. सासूबाईंनी त्याच्या रेषांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली, "हा उभा धागा नाही. ताण आला की इथे उसवेल." कारागीरही नेमकं त्याच जागी बोट ठेवून नाही म्हणाले. शेवटी साधा, सरळ रेषांचा तुकडा ठरला. कारागिरांनी त्यावर आकार आखला आणि गाल टेकतो तिथे रेघेच्या बाहेर आणखी एक रेघ मारली.

"माया ठेवली त्यांनी," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

कारागिरांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, पुढे अंग बदललं तर सोडायला, त्याला आमच्यात माया म्हणतात. आणि जीव लावण्यालाही तोच शब्द. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला आणि कामाच्या कागदावर, लांबी आणि उंचीच्या खाली, लिहिला : माया, दोन मिलिमीटर. थंडीभर वापरा, म्हणाले, गाल जिथे सांगेल तिथे नंतर तासून देतो. कापलेलं परत जोडता येत नाही.

चार आठवड्यांनी दस्ता बसवून मिळाला. सहा बैठका मी नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्ण केल्या, शेवटची बोचऱ्या वाऱ्यात, पंचवीसपैकी एकोणीस तबकड्या फोडून. गालावर डाग नाही. तोवर सासूबाई पुण्याला परतल्या होत्या. फोनवर त्यांनी तबकड्यांचं विचारलं नाही. विचारलं, "कुठे काचतंय का?"

"उजवीकडे, अगदी किंचित."

"मग ती माया. जा, काढून घे. ते वाट बघत असतील."

परवाना फेब्रुवारीत हातात पडला. फाइलमध्ये सगळं क्रमाने लावलं आहे : पोलिसांचं पत्र, पावती, कामाचा कागद. वहीतल्या त्या पानावर अकरा कामं होती. दहांपुढे खूण आहे. अकरावं असं : ग्रोनिंगनला फोन करून वेळ घेणे, माया कापणे. एप्रिल संपत आला, अजून फोन केलेला नाही.