कोकमतेलाचा गोळा

रत्नागिरीत समुद्राच्या बाजूच्या टेकडीवर एका ट्रस्टचं लहानसं इस्पितळ होतं. ऐंशी सालानंतरच्या काही वर्षांत तिथं जे कोणी ऑपरेशनला गेले, त्यांना डॉक्टरांचं नाव कदाचित आठवणार नाही, पण राहीकाकी नक्की आठवेल. ती नर्स नव्हती, आया नव्हती, पगारावर तर नव्हतीच. ती सोबतीला बसायची.

हे सोबतीचं प्रकरण बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. घरातले पुरुष मुंबईला. सासूला इस्पितळात ठेवायची वेळ आली, तर सुनेनं तिच्या उशाशी बसायचं की गुरांना पाणी दाखवायचं? आणि सिस्टर तर ठणकावून सांगायच्या की पेशंटजवळ घरचं माणूस हवंच. मग राहीला निरोप जायचा. राही संगमेश्वराकडच्या एका वाडीतली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आली होती स्वतःच्या सासूला घेऊन. सासू बरी होऊन घरी गेली, पण शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं हिचा हात सोडला नाही, म्हणून राहिली ती राहिलीच. लोक तांदूळ द्यायचे, सुके बांगडे द्यायचे, काही जण नुसताच आशीर्वाद देऊन एसटी पकडायचे. त्यांनाही ती फाटकापर्यंत पोचवून यायची.

स्वच्छतेत तिला नाव ठेवायला जागा नव्हती. जुन्या लुगड्याची फडकी ती सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यायची, आणि आळशी आयांना येताजाता चिमटे काढायची. त्या सोड्यानंच तिच्या हातांची चाळण झाली होती. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या बुडाशी भेगा पडलेल्या, आणि त्या कधी भरून येत नसत.

भेगांवर औषध काय, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोकमाच्या बिया कुटून उकळायच्या, वर आलेलं तेल मुठीत दाबून त्याचा गोळा करायचा. निवला की तो मेणासारखा घट्ट होतो. असा एक गोळा फडक्यात बांधून राहीच्या कनवटीला असायचा. आधी तो आपल्या हातांवर फिरवायचा, मग पेशंटच्या टाचांवर, सुकलेल्या ओठांवर, पडून पडून सोललेल्या पाठीवर. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे, गोळा तोच. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. घरात एकच गोळा सगळ्यांच्या पायांना लागतो, तर वॉर्डात वेगळा कशाला हवा?

त्या वॉर्डात जखमा चिघळायच्या. सगळ्यांच्या नाही, पण चिघळायच्या. रावजी म्हणून एक शेतकरी हर्नियाच्या ऑपरेशनला आला, चालत आला, आणि टाक्यांत पू झाला, ताप डोक्यात चढला आणि तो गेला. इंजेक्शनं चालू होती, ती पाण्यासारखी ठरली. त्याची बायको विमला राहीच्या पाया पडली. म्हणाली, "काकी, तुमी व्हतात म्हनून त्येंचे शेवटचे दिस सुकाचे गेले." पुढे दर वर्षी विमला आपल्या झाडांच्या कोकमांचा एक गोळा राहीला न चुकता पाठवायला लागली.

आणि मग गंगा आली. गंगा म्हणजे राहीची पाठची बहीण. आई वारली तेव्हा ती पाळण्यात होती. राहीनंच तिला अंगाखांद्यावर वाढवलं आणि चिपळूणच्या बाजूला दिलं. ती राहीला बाय म्हणायची. नवरा बोटीवर, त्यामुळे पिशवीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा गंगा हट्टानं रत्नागिरीला आली. माझी बाय तिथं आहे, मला कसली भीती, असं सगळ्या गावाला सांगून आली.

ऑपरेशन चांगलं झालं. राहीनं तिची सेवा अशी केली की बाकीच्या बायका कुरकुरल्या. दिवसातून दोनदा टाचा चोळायच्या, पाठीला तेल लावायचं, वेणी घालायची. गंगा मजेत होती. आणि एका सकाळी तिच्या पोटावरची पट्टी ओली दिसली.

ताप चढला. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, ताप ढिम्म हलेना. सामंत डॉक्टरीणबाई मुंबईहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पू तपासायला पाठवला आणि राहीला समजावून सांगितलं की आपल्याकडची औषधं या जंतूंना लागेनाशी झाली आहेत. ऊठसूट देऊन देऊन जंतू निर्ढावलेत. मग तपासणीसाठी त्यांनी कापसाची एकेक काडी घेऊन वॉर्डातल्या सगळ्यांचे हात पुसले. सिस्टरांचे, आयांचे, स्वतःचे. राहीनं हात पुढे केले, आणि मदत म्हणून कनवटीचा गोळाही काढून दिला. "ह्येलापन लावा काडी. ह्योपन सगल्यांना लागतो." आया हसल्या, तीही हसली.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावून दार लोटलं. गंगेच्या जखमेतला जंतू राहीच्या भेगांत सापडला होता, आणि गोळ्यावरही. तेच निर्ढावलेलं बी.

राही टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होती. आत एक लाल फूल होतं.

"रावजीला पन ह्येच झालेलं?" तिनं विचारलं.

"त्यांचा पू तपासला नव्हता. सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात तुमची चूक नाही, राहीकाकी. बघायचं काम आमचं होतं. मी कोणाला सांगणार नाही. पण भेगा भरेपर्यंत कोणाला हात लावू नका. बहिणीलाही."

रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. राहीला आपले हात जड वाटले, कोणीतरी ठेवायला दिलेल्या सामानासारखे. ते पदराखाली घेऊन ती वॉर्डात गेली आणि गंगेच्या खाटेपासून लांब, दाराशी असलेल्या स्टुलावर बसली.

"बाय, अशी लांब का बसलीस गो?"

"उकडताय."

"टाचा चोल ना जरा. लई ठनकतात."

"आया येईल."

राहीला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की हे मीच तुला लावलं, रोज दोन वेळा, मायेनं? तापानं फणफणलेल्या माणसाला हे सांगून काय मिळणार होतं? उद्या सांगू म्हणत ती बसून राहिली. गंगा रोज हाक मारायची, मग दिवसाआड मारायला लागली, मग तिनं हाक मारायची सोडली. पाणीसुद्धा आयेकडे मागायची. राही दाराशी बसून ते ऐकायची आणि तिला काही म्हणता काही वाटत नसे. तेवढंच त्या दिवसांचं तिला पुढे आठवायचं, की काही वाटत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी खटपट करून मुंबईहून वेगळं इंजेक्शन मागवलं, आणि ते लागू पडलं. पावसाळा सरता सरता गंगा उठून बसली. घरी निघाली तेव्हा बोचकं तिनं स्वतः उचललं. फाटकाशी थांबून म्हणाली, "परक्यांचं गूमूत काढलंस. माज्या वक्ताला हात राखलास."

राहीनंही त्याच आठवड्यात इस्पितळ सोडलं आणि ती वाडीवर गेली. तिथंही सोबतीचे निरोप यायचे, ती नाही म्हणायची. लोक म्हणाले, राहीकाकीला शिष्टपणा आला. विमलाचा गोळा मात्र दर वर्षी एसटीच्या कंडक्टरकडून यायचा. राही तो फडताळात ठेवून द्यायची. हातांच्या भेगा तशाच होत्या, थंडीत रक्त यायचं.

काही वर्षांनी गंगा मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. आली ती रीत म्हणून. राहीनं चहा टाकला. साखर काढायला गंगेनंच उठून फडताळ उघडलं, तर आत कोकमतेलाचे गोळे ओळीनं ठेवलेले, एकालाही बोट लागलेलं नाही.

"येवढं तेल पडून हाय," गंगा म्हणाली. "आनि तवा मी येवढी इनवत व्हते. खरं सांग बाय, माजा कंटाला आलेला ना तुला?"

गंगेच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. पोट सुटलं होतं, टाचा चांगल्या होत्या. राहीनं हात पदराखाली घेतले.

"व्हय," ती म्हणाली. "आलेला कंटाला."

गंगेनं मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं. मग साखरेचा डबा घेऊन ती चुलीपाशी आली आणि तिनं दोघींच्या चहात साखर घातली.