एका वाडग्याची चाळीस मिनिटं

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाच मिनिटं एका जागी बसले तर ताप आलाय की काय म्हणून ताई त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची. कारखान्याने नारळ दिल्यापासून चार महिने त्यांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, माळा दोनदा आवरून झाला. मग नुसत्याच फेऱ्या, दारापासून खिडकीपर्यंत. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे त्या सगळ्या माझ्या डोक्यावरून जायच्या.

बावीस वर्षं ते चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यात तपासनीस होते. प्रत्येक कप उचलायचा, लाकडी दांडीने हलकेच ठोकून आवाज ऐकायचा, काठावरून अंगठा फिरवायचा आणि खोट सापडली की हातोडीने फोडायचा. मग तिथे कॅमेऱ्याचं यंत्र आलं. साहेब म्हणाले, याची पापणी लवत नाही. भाऊजी म्हणाले, "लवायला आधी पापणी असावी लागते, साहेब." पण हा विनोद ऐकायला साहेब थांबले नाहीत.

अर्ज मीच भरून देत होते. वय बघून कुणी साधं उत्तरही देईना. शेवटी आमच्या थोरल्या दादाने निरोप धाडला: एक तारखेपासून माझ्या नटबोल्टच्या दुकानात येऊन बसा. दादा मनाचा चांगला आहे, पण उपकार केला की दवंडी पिटतो. "मेहुण्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा..." एवढंच भाऊजी म्हणायचे आणि फेऱ्या वाढवायचे. तेवढ्यात वस्तुसंग्रहालयाला मार्गदर्शक हवा असल्याची जाहिरात मला दिसली. हट्टाने अर्ज टाकला आणि चक्क बोलावणं आलं.

परीक्षा अशी होती: चाळीस मिनिटांत अकरा दालनं फिरवून दाखवायची. ऐकायला उमेदवाराने घरचं एक माणूस आणायचं. भाऊजींनी माहितीपुस्तक तोंडपाठ केलं. ताई मात्र ऐनवेळी अडून बसली. "ते अडखळले तर मला बघवणार नाही. तूच जा."

गेलो. निवड करणाऱ्या अधिकारी बाई, त्यांचे दोन सहकारी आणि मी. पहिल्याच दालनात, पहिल्याच कपाटापाशी भाऊजींची दातखीळ बसली. केलेलं पाठांतर सगळं पाण्यात! काचेआड एक निळसर वाडगा होता. भाऊजी वाकून त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "हा आमच्याकडे पास झाला नसता."

मी कपाळावर हात मारला.

पण त्यांची गाडी सुटली होती. झिलई कुठे ओघळलीय, भट्टीत शेजारचं भांडं चिकटल्याचा व्रण कुठे आहे, ओला असतानाच उचलायची घाई केल्यामुळे बुडाशी बोट कसं उमटलंय. "बोट बारीक आहे. बहुधा बाईचं." अधिकारी बाई चष्मा सावरून खाली वाकल्या. इकडचे तिकडचे चार प्रेक्षकही येऊन उभे राहिले. मी मागून मनगटावरचं घड्याळ दाखवून दाखवून थकले, पण भाऊजींचं लक्षच नाही. घरात पाच मिनिटं न टिकणारा माणूस एका वाडग्यापुढे चाळीस मिनिटं उभा होता! "एवढ्या खोटी असून कुणी हा फोडला नाही," ते शेवटी म्हणाले.

"दहा दालनं राहिली," बाई म्हणाल्या.

"पुरती तपासल्याशिवाय वस्तू पुढे ढकलायची सवय नाही मला."

परतताना मी त्यांना नाही नाही ते बोलले. दीडशहाणेसुद्धा म्हणाले. मला खरंच राग आला होता. आणि त्या वाडग्याकडे परत जाऊन ते बोट पुन्हा बघावंसं वाटत होतं, तेही खरंच.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. निवड झाली नाही. कारण: वेळेचं भान नाही. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. भाऊजींनी ते दोनदा वाचलं आणि दादाला फोन लावला. "एक तारखेपासून येतो. पण तीनच महिने. मग मला परत परीक्षा द्यायचीय." पलीकडून दादाचा चढलेला आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "तीनच," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ताईने माझ्याकडे बघितलं. "चाळीस मिनिटं बोलत तरी काय होते गं हे?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने मला हातानेच थांबवलं आणि चपला घातल्या. "अहो, चला. मला दाखवा तो वाडगा."

"अगं, वेळ लागेल."

"लागू दे."

मीही उठले, तर दारातून ताई म्हणाली, "तू कुठे? तू ऐकलंयस ना एकदा! दूध ठेवलंय, तेवढं उतू जाऊ देऊ नकोस."