पाढे आणि माझा डावा हात

माझी मुलगी दुसरीत असताना चावायची. लाडानं नव्हे, दात रुतवून. घाटकोपरला टेकडीवरच्या आमच्या चाळीतली निम्मी पोरं तिच्याच वर्गात होती. नळावर गेले की बायका आपापल्या पोरांचे हात माझ्यापुढे धरायच्या.

शेवटी वर्गाच्या बाईंनी बोलावलं. "आणखी एकाला चावली तर हेडमास्तर नाव काढणार, दाखला हातात देणार." दुसरी शाळा हमरस्त्यापलीकडे. नाव गेलं असतं तर पोरगी घरीच बसली असती.

बाईंनी एक मात्र बरोबर हेरलं होतं. एरवी ती गप्प असायची. सगळा वर्ग एका सुरात पाढे ओरडायला लागला की तिचं डोकं फिरायचं आणि शेजारच्याचा हात तोंडात जायचा. म्हणून बाई म्हणाल्या, "शेजारी तुम्हीच बसा."

बसले, पोरांच्यात मांडी घालून. नुसतं काय बसायचं म्हणून सुकट निवडायला नेली, तर बाईंनी मलाच उभं केलं. "वर्गात वास मारतोय, अहो!" पाढे सुरू झाले की मी डावा हात पुढे करायची. ती चावायची. पाढे संपले की सोडायची. उजवा दिला नाही, तो कामाचा.

मग तपासणी आली. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी येऊ नका."

"नाही येत. पण साहेब पाढे म्हणायला लावणार, आणि ती साहेबालाच चावणार."

"या हो, या."

साहेब आले आणि पहिल्या फटक्यात पाढेच मागितले. पोरं ओरडू लागली. पोरगी कानात म्हणाली, "आये, मी चावणार."

"मला चाव. दुसऱ्याला तोंड लावलंस तर बघ."

ती हाताला लटकली, तशी साहेबांची नजर आमच्यावर गेली. "या कोण?"

बाई घाईनं पुढे झाल्या. म्हणाल्या, "प्रौढ शिक्षण, साहेब. लेकीसोबत शिकतात."

साहेब खूश. "वा! म्हणा बघू पाढा."

मी उभी राहिले, पोरगी हाताला तशीच. गावी चौथीपर्यंत शिकले होते, पाढा येत होता. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक... आई गं... आठ!"

"किती तळमळीनं म्हणतात!" साहेब हेडमास्तरांना म्हणाले. "या बाईंची शाळा सुटता कामा नये. मी पुन्हा येऊन बघणार."

साहेब काही पुन्हा आले नाहीत. पण येतील या धाकानं हेडमास्तर मला सोडेनात, आणि मला ठेवायचं तर पोरगी ठेवणं भागच होतं. वर्षभर नाव काढायचं कुणी बोललं नाही.

जूनमध्ये तिला घेऊन तिसरीच्या दारात उभी राहिले. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पण पास?"

मी पदर सारून हात दाखवला.

"बसा," म्हणाल्या. "सुकट आणू नका."