हातावरची दही-साखर

हे मी माझ्या बायकोला, सुजातालाही अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात, ते मला फार काटेकोर माणूस समजतात.

समजतात त्यात त्यांची चूक तरी काय? रत्नागिरीत मासळीच्या कारखान्यात मी नमुने तपासतो. बर्फाचे, पाण्याचे, कोळंबीचे. नमुना घेणाऱ्याचा हात स्वच्छ नसेल तर अख्खा नमुना फेकून देतो, मग समोर कोणी का असेना. म्हणून तर त्या दातांच्या डॉक्टरबाई मला पहिल्याच भेटीत आवडल्या. आमची मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. दाढेवर एक पांढुरका डाग दिसला म्हणून नेलं होतं. बाईंनी कोरायचं यंत्र हातातही घेतलं नाही. म्हणाल्या, कीड अजून पडलेली नाही. पडेल की नाही, ते तिच्या लाळेला विचारू.

लाळेला — जिच्याकडे बघून आपण तोंड फिरवतो. ती आंबट किती, आंबटपणा मारायची तिची ताकद किती, आम्ल तयार करणारे जिवाणू तिच्यात किती, हे सगळं ती सांगते. पट्टी लाळेत भिजवायची, काही दिवस उबेत ठेवायची, मग तिच्यावर उगवलेले ठिपके बघायचे. दात दुखायच्या कितीतरी आधी कळतं. काही महिन्यांनी पुन्हा बघितलं की सुधारतंय की बिघडतंय, तेही कळतं. मी थक्क झालो होतो, आजही आहे. अट एकच — आधी तासभर पाण्याशिवाय काही खायचं नाही.

नमुना द्यायच्या दिवशी सुजाता परस्पर दवाखान्यात येणार होती. ती शिक्षिका, शाळा सुटल्यावर. घरी मी आणि मुक्ता. मुलगी घाबरलेली, आपली परीक्षाच आहे असं तिच्या डोक्यात बसलेलं. आणि मी — हे लिहिताना अजून अडखळायला होतं — निघताना तिला देवापुढे उभं केलं आणि तिच्या हातावर दही-साखर ठेवली. माझी आई माझ्या हातावर ठेवायची तशीच. तिने ती चाटली, नमस्कार केला, आम्ही निघालो. हे खाणं आहे, असं माझ्या मनातही आलं नाही. दही-साखरेला कोणी खाणं म्हणतं का?

दवाखान्यात बाईंनी विचारलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, दीड तास झाला, पाण्याशिवाय काही नाही.

निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो. पट्टी ठिपक्यांनी गच्च भरलेली. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, मुलगी येता-जाता गोड खात असावी. सुजाताचा चेहरा उतरला. मला आपली चौकशीची हौस — मी विचारलं, हे जिवाणू असतात तरी कुठले?

"दुधाचं दही करतात ना, त्यांचेच भाऊबंद."

त्याच क्षणी कळलं मला. रात्री विरजलेलं दही, मुक्ताच्या जिभेवर, माझ्या हाताने. बाई, चुकलं, नमुना पुन्हा घ्या — एवढंच तर म्हणायचं होतं. कारखान्यात दुसऱ्याला हेच रोज सुनावतो. मी म्हणालो का? मी पट्टीकडे बघत राहिलो.

"मी नाही खाल्लं," मुक्ता म्हणाली.

"काय गो, तू खोटं बोलशील, तुझी थुंकी बोलेल का?" सुजाता म्हणाली.

कसली भीती होती मला? काटेकोर माणूस चुकला असं दिसेल, एवढीच? हो. एवढीच होती.

त्या वर्षी गणपतीत मुंबईहून आलेल्या काकूने मुक्ताच्या पानात मोदक वाढला. सुजाताने तो उचलला. "हिला नको, हिचं चोरून चालतं." सगळे हसले. मुक्ताने मान खाली घालून वरणभात संपवला. मी शेजारच्याच पानावर होतो. माझ्या पानात मोदक होते, वर तूप होतं. मी ते खाल्ले.

दिवाळीनंतर दुसरा नमुना दिला. या वेळी सुजाताने तिला शाळेतूनच नेलं, त्यामुळे हातावर काही ठेवायचा प्रश्न आला नाही. पट्टी जवळजवळ कोरी. बाईंना कोण आनंद झाला. पहिल्या पट्टीचा फोटो शेजारी धरून त्यांनी फरक दाखवला. लाळ दोन्ही वेळा खरंच बोलली होती. तोंडात जे होतं तेच तिने सांगितलं. सुजाताने मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवला. "सोडलंस ना चोरून खाणं?"

मुक्ताने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो."

आता ती पुण्याला नोकरी करते. तो डाग कधीच विरला, एकही दात किडलेला नाही — श्रेय बाईंचं, आणि तिचं. यंदा गणपतीत माझ्या बहिणीच्या नातीला जवळ घेऊन ती सांगत होती, "मी लहानपणी चोरून गोड खायचे, माझ्याच थुंकीने मला पकडून दिलं." आणि हसत होती. तिला ते आठवतं. कुठल्या फडताळातला कुठला डबा, तेसुद्धा सांगते.

मी तिथेच बसून नारळ खवत होतो. तिने कधीच काही चोरून खाल्लं नव्हतं. दही-साखर मी दिली होती. मी खवणीवरून मान वर केली नाही.